लिहा-वाचायला शिकल्याची गोष्ट आपण सांगतो, तेव्हा नेमके काय सांगतो?

अनुस्वार

आमच्या लेखनगटाने यंदा प्रत्येकाला स्वतःच्या लिहा-वाचायला शिकण्याची गोष्ट लिहायला सांगितली आणि ती लिहून झाल्यावर दुसरे काम दिले. ही गोष्ट तुम्ही कशी लिहिलीत, सुरुवात तिथूनच का केलीत, काय गाळलेत आणि कोणासाठी गाळलेत, हे आता वेगळ्या कागदावर लिहा, असे ते काम होते. पहिले काम सर्वांनी हसतखेळत पार पाडले. दुसऱ्या कामाशी मात्र बहुतेकांची गाडी अडली, माझीही अडली, आणि म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या गोष्टीत एक पहिले पुस्तक आहे, ते हातात ठेवणारी मावशी आहे आणि ते एका बैठकीत वाचून संपवणारी मी आहे. दुसरा कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आले की त्या पुस्तकाआधीचा सगळा काळ मी एका वाक्यात उरकला आहे. अक्षरे गिरवण्याचा कंटाळा, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला घोळ, धडा पाठ असल्यामुळे पानाकडे न बघताच घडाघडा ‘वाचून’ दाखवण्याची लबाडी, यांतले काहीच त्यात आलेले नाही. मला रोज वाचून दाखवणारा माझा मोठा भाऊ तर गोष्टीत कुठेच नाही. उपकार करणारी दोन माणसे असली की गोष्टीचा जोर विभागला जातो, हे त्यामागचे कारण असावे असे आता वाटते. भावाला ती गोष्ट वाचायला दिली, तेव्हा त्याने राग वगैरे काही धरला नाही, पण एवढेच म्हणाला की मावशीने ते पुस्तक मला दिलेच नव्हते, ती ते आमच्याकडे विसरून गेली होती.

माझा प्रश्न असा आहे की आपली अशी गोष्ट सांगताना तिच्यात काय बदलते, याचा अनुभव तुमच्यापैकी कोणी घेतला आहे का? आणि गोष्ट सांगून झाल्यावर तिच्याकडे असे मागे वळून बघण्यातून खरोखर काही हाती लागते, की तो केवळ स्वतःभोवती घिरट्या घालण्याचा प्रकार आहे?

तिरकस

मला वाचायला नेमके कधी आले ते मुळीच आठवत नाही, परंतु वाचता येत असूनही येत नाही असे भासवून कोणकोणती कामे टाळली, ते मात्र तपशीलवार आठवते. ही साक्षरतेची गोष्ट तुमच्या गटात धरतील का?

दीर्घ वेलांटी

अनुस्वार, तुमचे खरे की तुमच्या भावाचे, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण त्याचा निकाल लागण्यासारखा नाही. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचे स्मरणावरील पुस्तक १९३२ मध्ये आले. त्यातल्या प्रयोगांत त्याने केंब्रिजमधल्या माणसांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक अनोळखी कथा वाचायला दिली आणि काही काळ मध्ये जाऊ देऊन ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. सांगणाऱ्यांनी ती आखूड केली, न उमगलेले तपशील सोडून दिले आणि उरलेले आपल्या ओळखीच्या वस्तूंत बसवले. मूळ कथेतल्या झाडाच्या डोंगीची साधी होडी झाली. त्यांच्यापैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, आठवणे म्हणजे नव्याने रचणेच असते, एवढेच बार्टलेटचे म्हणणे होते.

हे सर्वच आठवणींना लागू आहे, परंतु वाचायला शिकण्याच्या आठवणीत आणखी एक अडचण आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. जॉन रिडली स्ट्रूप या संशोधकाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अनेकांना ठाऊक असेल : ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापून शाईचा रंग कोणता ते विचारले, तर माणूस अडखळतो, कारण रंग सांगण्याआधीच शब्द वाचून झालेला असतो. वाचन एकदा अंगवळणी पडले की ते थांबवता येत नाही. याचा अर्थ असा की वाचता येत नव्हते तेव्हा पान कसे दिसत होते, ते पुन्हा बघण्याची सोय आपल्यापाशी उरतच नाही. गोष्ट सांगणारा नेहमीच साक्षर झालेला माणूस असतो, आणि ज्याच्याबद्दल ती आहे, त्या साक्षर न झालेल्या माणसाला बोलायची पाळीच मिळत नाही.

मी प्रौढपणी एक परकी लिपी शिकलो आणि सुदैवाने तेव्हा वहीत टिपणे ठेवली होती. एका पानावर मी दोन अक्षरे शेजारी शेजारी काढून, या दोहोंत मला काडीचाही फरक दिसत नाही, छापणाऱ्याने तरी कसा ओळखला असेल, अशी चिडचिड केली आहे. आज तीच दोन अक्षरे मला एकमेकांसारखी दिसत नाहीत. वही नसती तर अशी तक्रार मी कधी केली होती, हे मी साफ नाकारले असते.

उत्तररंग

मी प्रौढांच्या साक्षरता वर्गांचे काम बरीच वर्षे करते, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. युनेस्कोने १९६६ मध्ये ८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन म्हणून जाहीर केला आणि १९६७ पासून तो पाळला जातो. ती तारीख जवळ आली की आमच्याकडे ‘यशोगाथा’ मागितल्या जातात. त्या कशा असाव्यात, हे कोणी लिहून देत नाही, पण आमच्या शिकणाऱ्या बायकांना ते आमच्यापेक्षा चांगले कळते. आधी अंगठा, मग वर्ग, मग सही, आणि सही करताना डोळ्यांत पाणी, या क्रमाने त्या आपली गोष्ट सांगतात.

एका बाईंनी मला नेमकी हीच गोष्ट ध्वनिमुद्रणासाठी सांगितली. यंत्र बंद करून आम्ही सहज बोलत बसलो, तेव्हा त्यांनी वर्गात येण्याआधी त्या फोन कसा वापरत, ते करून दाखवले. नावांच्या यादीतले प्रत्येक नाव त्या लांबीवरून आणि पहिल्या अक्षराच्या आकारावरून ओळखत. मुलीचे नाव आखूड होते आणि त्याच्या शेवटी उभी रेघ होती, दिराचे नाव पडद्याच्या टोकापर्यंत जाई. पुढे त्याच लांबीचे आणि त्याच अक्षराने सुरू होणारे दुसरे नाव यादीत आले, तेव्हा त्यांनी मुलाला सांगून त्या नावापुढे एक चांदणी टाकून घेतली. ही बाई माझ्या नोंदवहीत ‘पूर्ण निरक्षर’ या रकान्यात होती.

त्यांनी हे ध्वनिमुद्रणात का सांगितले नाही, असे मी विचारले. त्यांचे उत्तर मला अजून पुरते पचवता आलेले नाही. त्या म्हणाल्या, “हे सांगितले असते, तर तुमच्या वर्गाचे काय राहिले असते?”

मनमोकळा

सर्वांचे प्रतिसाद वाचले, आणि मला थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. माणूस पहिल्यांदा धीर करून आपली गोष्ट सांगतो आणि आपण लगेच त्याची उलटतपासणी घेतो, याचे मला कौतुक वाटत नाही. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. अंगठा, वर्ग, सही हा क्रम वापरून वापरून गुळगुळीत झालेला असेल, परंतु तो कोणीतरी खरोखर जगलेला क्रम आहे. ठरीव वाट असल्यामुळेच अनेकांना बोलायला सुरुवात तरी करता येते. ‘तुमची गोष्ट तुमच्या पद्धतीने सांगा’ असे म्हटले, तर निम्मी माणसे गप्प बसतील.

शिवाय उत्तररंग यांनी सांगितलेल्या बाईंनी जे केले, त्यात मला दबाव कमी आणि सौजन्य अधिक दिसते. शिकवणाऱ्याला श्रेय देणे ही काही वाईट गोष्ट नाही.

जुना वाचक

मनमोकळा यांच्या पहिल्या मुद्द्याशी सहमत आहे, परंतु ‘अंधाराकडून प्रकाशाकडे’ ही वाट ज्यांनी घालून दिली असे आपण समजतो, त्यांनी स्वतः ती इतकी सरळ सांगितलेली नाही, हे नोंदवतो.

फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या या माणसाचे आत्मकथन १८४५ मध्ये प्रसिद्ध झाले. बॉल्टिमोरमध्ये मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली, मालकाने ती थांबवली, आणि वाचायला शिकलेला माणूस गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, हे मालकाच्याच तोंडून ऐकल्यामुळे वाचनाचे मोल त्यांना कळले. पुढे रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांनी त्यांच्याकडून धडे घेतले. गोदीतले सुतार जहाजाच्या फळ्यांवर ती कोणत्या बाजूची ते सांगणारी अक्षरे लिहीत, ती बघून ते लिहायला शिकले. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना आवडते. त्यानंतरचा भाग सहसा कोणी सांगत नाही : वाचायला येणे हा आशीर्वाद नसून शाप आहे असे आपल्याला अधूनमधून वाटे, कारण आपली दुर्दशा दिसू लागली पण तिच्यातून सुटण्याचा मार्ग दिसेना, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

अनुस्वार यांनी ‘काय गाळलेत आणि कोणासाठी’ असे विचारले आहे, त्याचेही उत्तर तिथे आहे. त्या मुलांची नावे द्यावीत असा मोह होतो, पण देत नाही, असे डग्लस वाचकाला सांगून टाकतात. गुलामाला वाचायला शिकवणे हा त्या समाजात जवळजवळ अक्षम्य अपराध मानला जाई आणि नावे छापली असती, तर त्या मुलांना, म्हणजे तोवर मोठ्या झालेल्या माणसांना, त्याचा त्रास झाला असता. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. त्यांनी नावे गाळली, आणि गाळली आहेत हेही लिहिले. पुढे १८५५ आणि १८८१ मध्ये त्यांनी आपले आयुष्य पुन्हा दोनदा, अधिक विस्ताराने लिहिले, त्यामुळे एकदा सांगून गोष्ट संपते असे निदान त्यांना तरी वाटत नसावे.

पानोपान

जुना वाचक, तुमचा प्रतिसाद फार आवडला. त्याला एक जोड देते.

बंगालमधल्या राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीवन’ हे आत्मकथन १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘चैतन्य भागवत’ वाचता यावे या ओढीने त्यांनी त्या पोथीचे एक पान काढून घेतले, मुलाने अक्षरे गिरवलेले एक पान मिळवले, आणि स्वयंपाकघरात कोणी बघत नसताना दोन्ही पाने ताडून बघत त्या एकट्याच वाचायला शिकल्या. ही कथा सांगताना आपण ‘लिहा-वाचायला शिकल्या’ असे सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात त्या तेव्हा फक्त वाचायला शिकल्या. लिहायला त्या कितीतरी नंतर शिकल्या, आणि ते दूर राहणाऱ्या मुलाच्या पत्रांना उत्तर देता यावे म्हणून. वाचन हाताच्या ओंजळीत लपवता येते. लिहायचे म्हणजे कागद हवा, शाई हवी, बसायला जागा हवी आणि कोणी हाक मारणार नाही असा वेळ हवा.

हे वाचल्यापासून मी स्वतःची गोष्ट दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगून बघितली. वाचनाच्या गोष्टीत माझ्याभोवती माणसांची गर्दी आहे, सगळी लाड करणारी. लेखनाच्या गोष्टीत मात्र शुद्धलेखनाची वही आहे, लाल शाई आहे, आणि वर्गासमोर माझा निबंध हसत वाचून दाखवणारे एक शिक्षक आहेत. दोन्ही एकत्र सांगायचे, तेव्हा पहिली गोष्ट दुसरीला झाकून टाकत असे, आणि मी इतकी वाचते तरी दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की हात का आखडतो, याचे मलाच आश्चर्य वाटत असे.

तिरकस

पानोपान यांनी दोन ओळी लिहायला हात आखडतो असे दोन परिच्छेदांत लिहिले आहे, याची सभासदांनी कृपया नोंद घ्यावी.

सहा ठिपके

मी ब्रेल वाचतो आणि हा धागा पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, मदतीने ऐकतो आहे. गोष्टीची ठरीव वाट असली की बोलायला सुरुवात होते, असे मनमोकळा म्हणतात. आमच्या बाबतीत ती वाट आधीच कोणी आखून ठेवली आहे, हेही सांगायला हवे. माझ्या साक्षरतेची गोष्ट विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला बालपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर आणि पाण्याचा पंप हवा असतो : ५ एप्रिल १८८७ चा तो प्रसंग, एका हातावर पाणी आणि दुसऱ्या हातावर शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन बोटांनी लिहीत असलेला शब्द, आणि क्षणात उघडलेले जग. माझ्याकडे असा क्षण नाही. सहा ठिपक्यांच्या चौकटीत कोणता ठिपका उठला आहे आणि कोणता नाही, हे बोटाला कळेपर्यंत कित्येक महिने गेले. एकाच अक्षरावरून बोट मागेपुढे घासत राहिलो की कागदावरचा ठिपका दबून जाई आणि अक्षरच बदले. मग चूक माझी की कागदाची, यावर वर्गात वाद होत. यात प्रकाश पडण्यासारखे काही नसते, त्यामुळे ऐकणारा थोडा हिरमुसतो.

केलर यांच्याच आयुष्यातला दुसरा प्रसंग मात्र या धाग्याशी थेट जोडलेला आहे आणि तो कोणी विचारत नाही. लहान वयात त्यांनी ‘द फ्रॉस्ट किंग’ नावाची एक कथा लिहून अंधशाळेच्या संचालकांना भेट म्हणून पाठवली. ती कौतुकाने छापली गेली, आणि मग ती मार्गारेट कॅनबी यांच्या आधीच्या एका कथेशी फार मिळतीजुळती असल्याचे उघड झाले. ती कथा कधीतरी त्यांच्या हातावर लिहून वाचून दाखवली गेली होती, आणि आपल्याला ती आठवतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची रीतसर चौकशी झाली. १९०३ मध्ये आलेल्या आत्मकथेत त्यांनी हा प्रकार लपवला नाही, आणि आपले विचार कोणते आणि वाचलेले कोणते, यांतली सीमा आपल्याला आजही नेहमी सांगता येत नाही, असे त्यात लिहिले. त्यांनी जे वाचलेल्या विचारांबद्दल म्हटले, ते आपल्या सगळ्यांच्या गोष्टींनाही लागू आहे, असे मला वाटते. ऐकलेल्या गोष्टी इतक्या आत मुरतात की त्या आपल्याच आठवणी वाटू लागतात. अनुस्वार यांना मावशी कुठून सापडली असेल, याचा विचार करताना मला हेच आठवले.

अनुस्वार

सहा ठिपके, मी लहानपणी वाचलेल्या निम्म्या पुस्तकांत पुस्तक भेट देणारी एखादी मावशी किंवा आत्या होती, हे तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आठवले आणि हसू आले.

इथे एक गोष्ट जोडते. डेबोरा ब्रँट या अमेरिकन अभ्यासिकेने सामान्य माणसांच्या लिहा-वाचायला शिकण्याच्या आठवणी मुलाखतींतून गोळा केल्या आणि १९९८ मध्ये साक्षरतेच्या ‘प्रायोजकां’ची कल्पना मांडली. शिकवणारे, उत्तेजन देणारे एवढेच त्यात येत नाहीत. शिकण्यावर नियम घालणारे, ते दडपणारे, रोखून धरणारेही येतात, आणि या सगळ्यांना त्यातून काही ना काही लाभ होतो, हा त्या कल्पनेचा गाभा आहे. डग्लस यांचा धडा बंद करणारा मालक या अर्थाने त्यांच्या साक्षरतेचा प्रायोजक ठरतो, आणि मुलाच्या पत्रांमुळे लिहायला शिकलेल्या राससुंदरी देवींच्या बाबतीत तो मुलगाही.

ही कल्पना समोर ठेवून मी माझी गोष्ट पुन्हा चाळली, तेव्हा भावाची जागा बदलली. तो मला वाचून दाखवत होता, कारण मला गप्प बसवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले होते आणि मी गप्प बसले की त्याला त्याच्या आवडीचे पुस्तक वाचता येई. मला न समजणारी ती पुस्तके तो मोठ्याने वाचत असे आणि मी ऐकत असे. यात उपकार किती आणि सोय किती, हे ठरवायची मला गरज वाटत नाही, पण गोष्ट पहिल्यापेक्षा जास्त माझी वाटते.

मनमोकळा

अनुस्वार, तुमच्या भावाचे उदाहरण मला पटले, तरीही एक शंका उरते. प्रत्येक देणाऱ्याच्या लाभाचा हिशेब मांडायची सवय लागली, तर कृतज्ञता म्हणून काही शिल्लकच राहणार नाही. ज्या मुलांनी पावाच्या तुकड्यावर डग्लस यांना शिकवले, त्यांना पाव मिळाला हे खरे, पण डग्लस त्यांच्याबद्दल प्रेमाने लिहितात, हेही तितकेच खरे आहे.

जुना वाचक

मनमोकळा, म्हणूनच ते पावाचा उल्लेख करतात आणि प्रेमाचाही करतात. दोन्ही एकाच परिच्छेदात मावले आहे.

उलटा काना

मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितो आहे आणि मला वेळ लागतो, त्यामुळे चर्चा पुढे गेली असल्यास क्षमस्व. मला वाचनदोष (डिस्लेक्सिया) आहे. त्याचे निदान उशिरा झाले, आणि तोपर्यंत मी आळशी आहे असेच शाळेत सर्वांचे ठाम मत होते. आता एका गटात ‘मी वाचनदोषावर मात कशी केली’ असे सांगायला मला बोलावतात. मी मात केलेली नाही. मी आजही ओळीखाली पट्टी धरून वाचतो आणि पान उलटल्यावर मागच्या पानाचा शेवट पुन्हा बघतो. माझ्या गोष्टीला ‘आणि मग’ आहे, शेवट नाही, पण बोलावणाऱ्यांना शेवट लागतो.

मला मांडायचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो अजून कोणी मांडलेला दिसला नाही. मी हीच गोष्ट एकदा बोलून ध्वनिमुद्रित केली होती आणि नंतर एकदा लिहून काढली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला धक्का बसला. बोलताना मी ‘कुत्सित हसणे’ म्हणालो होतो, तिथे लिहिताना ‘वाईट हसणे’ झाले होते. बोलताना दीड मिनिट चाललेला प्रसंग लिहिताना तीन वाक्यांत आटोपला होता. ज्या शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घाची किंवा जोडाक्षराची खात्री नाही, तो शब्द मी लिहिताना टाळतो, आणि टाळतो आहे हे मला कळतही नाही. म्हणजे लिहिण्यातल्या अडचणीची गोष्ट लिहून सांगा असे म्हटले, की ती अडचणच ठरवते की गोष्टीत कोणते शब्द येतील. वाचणाऱ्याला वाटते की याचे अनुभवच साधे असतील.

पानोपान

उलटा काना, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरच्या सर्वांत मोलाच्या प्रतिसादांपैकी आहे असे मला वाटते. लाल शाईने माझ्या लिहिण्याचे जे केले, ते मला इतक्या नेमकेपणाने कधी सांगता आले नव्हते.

दीर्घ वेलांटी

उलटा काना यांच्या मुद्द्यावरून आठवले, ते लिहून ठेवतो, कारण अंधार-प्रकाशाच्या वाटेबद्दल जो वाद झाला, त्यालाही ते लागू आहे. सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांचा लायबेरियातल्या वाय लोकांचा अभ्यास १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आला. या लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेत शिकवली जात नसे. एकमेकांकडून शिकून घेत आणि पत्रे, नोंदी यांसाठी वापरत. काही जण कुराणाच्या पठणातून अरबी शिकलेले होते, काही शाळेत इंग्रजी शिकलेले. साक्षर झाल्याने माणसाची विचार करण्याची शक्ती एकूणच पालटते, या समजाला तिथे आधार मिळाला नाही. प्रत्येक प्रकारच्या लिहिण्या-वाचण्याने त्या त्या वापराशी निगडित कौशल्ये वाढली होती, आणि ज्याला आपण साक्षरतेचा परिणाम म्हणतो, त्यातला बराचसा भाग शाळेचा होता.

आपल्या गोष्टींत आपण या दोन गोष्टी फार सहज एकत्र करतो. आपण वाचायला शिकलो असे म्हणतो आणि सांगतो मात्र शाळेबद्दल : गुण, बक्षीस, शिक्षा, लाल शाई. उत्तररंग यांच्या त्या बाईंचा फोन शाळेबाहेरचा होता, म्हणून तो गोष्टीबाहेर राहिला. माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी आहे. मागे वळून बघण्याचा उपयोग हा की गोष्टीबाहेर काय राहिले आणि ते कोणाच्या सोयीने राहिले, ते दिसते. खरे काय घडले, ते त्यामुळे कळेलच असे नाही.

उत्तररंग

दीर्घ वेलांटी यांच्याशी सहमत आहे. आमच्या वर्गांत आता काय करतो, ते थोडक्यात सांगते, अनुस्वार यांच्या गटाला उपयोग झाला तर होईल.

पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट आम्ही ध्वनिमुद्रित करत नाही, ती नुसती ऐकतो. सुरुवात ‘पहिली आठवण’ विचारून करत नाही, कारण पहिली आठवण म्हटले की सगळे ठरीव वाटेवर जातात. आज सकाळपासून काय काय वाचलेत, असे विचारतो. बसची पाटी, औषधाचे पाकीट, नातवाची वही, फोनवर आलेला निरोप, असे काहीबाही निघते, आणि मग यातले वर्गाआधी कोणते जमत होते, असे विचारत मागे जातो. ध्वनिमुद्रण झाले की लिहून काढलेला मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवतो. त्यातले काय ठेवायचे, काय खोडायचे आणि नाव द्यायचे की नाही, हे तो ठरवतो, आणि पुढे कधीही मत बदलले तर मजकूर परत घेण्याची त्याला मुभा असते. वाचून दाखवताना सर्वांत जास्त खाडाखोड दुसऱ्यांच्या उल्लेखांची होते, हे बघून मला आधी नवल वाटले होते.

सहा ठिपके

उत्तररंग, लिहून काढलेल्या मजकुरासोबत मूळ आवाजही जपून ठेवता का? उलटा काना यांनी जे सांगितले, ते लक्षात घेता मला तो आवाज अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि अनुस्वार, तुमच्या गटाचे लेखन कुठे एकत्र ठेवणार असाल, तर कृपया ते चित्ररूपात ठेवू नका. हाताने लिहिलेल्या पानांची छायाचित्रे सुंदर दिसतात असे सगळे म्हणतात, परंतु माझ्या पडदावाचकाला त्यातून फक्त ‘चित्र’ एवढाच शब्द मिळतो.

अनुस्वार

सहा ठिपके, आम्ही छायाचित्रेच ठेवणार होतो. आता मजकूर टंकित करू आणि ज्यांना बोलून सांगायचे आहे त्यांचा आवाज तसाच ठेवू. दुसऱ्या कागदाचे कामही आम्ही चालू ठेवतो आहोत, परंतु तो पहिल्यासोबत जोडायचा की नाही, हे लिहिणाऱ्यावर सोपवले आहे, कारण काही जणांना तो दाखवायचा नाही. माझ्या दुसऱ्या कागदावर भावाने समासात स्वतःच्या टिपा लिहिल्या आहेत आणि त्या मूळ मजकुरापेक्षा लांब आहेत.

मनमोकळा

उत्तररंग, एक विचारायचे राहून गेले. त्या बाईंची फोनची हकीकत तुम्ही पुढे अहवालात पाठवली का, आणि पाठवली असेल तर वरच्यांनी ती कशी घेतली?

उत्तररंग

सहा ठिपके, आवाज ठेवतो, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर. मनमोकळा, बाईंना विचारून दोन्ही हकिकती पाठवल्या होत्या, फोनची आधी आणि अंगठ्याची नंतर. छापून आली ती अंगठ्याचीच, आणि सोबत त्या बाई सही करत असल्याचे छायाचित्र. फोनची हकीकत जागेअभावी घेता आली नाही, असे कळवण्यात आले.